तुम्ही विचारलंत म्हणून: सणासुदीला ऊसतोडीचा हिशोब कशाला?

डिसेंबर लागला की धुळे-नंदुरबारकडची ओळखीची माणसं मला एक गोष्ट हमखास विचारतात. कुणी आडून, कुणी अहिराणीत सरळ: "तुमना सण शे, आनंद करा ना! ती ऊसतोडी, ते जमिनीना दावा, कसाले काढतस?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

आमचा नाताळ एकदम 25 डिसेंबरला उगवत नाही. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. फादर जांभळी वस्त्रं घालतात, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, येशूची वाट पाहण्याची वाचनं होतात. आणि नेमक्या याच रविवारी आमच्या नवापूरकडे चर्चमध्ये माणसं कमी दिसतात. दिवाळी उरकून ती मजूर नेणाऱ्या मुकादमाबरोबर गुजरातेत बारडोली-मढीच्या बाजूला ऊस तोडायला गेलेली असतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. पावसाळ्यात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आणि तिच्यावरचं व्याज फिटता फिटता हंगाम सरतो, आणि हिशोबाच्या दिवशी कितीतरी जोड्यांच्या हाती जवळपास काहीच पडत नाही. लेकरं पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर वाढतात, काही तिथेच जन्मतात. सम्राटाच्या शिरगणतीसाठी दिवस भरलेले असताना गाव सोडून निघालेल्या मरियेची, येशूच्या आईची गोष्ट आम्ही अशा गावात वाचतो. ती वाचून ऊसतोडीबद्दल गप्प राहणं मला जमत नाही.

"पण धीर धरा, असंच ना तुमचं शास्त्र सांगतं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. हो, सांगतं. तीन वर्षांतून एकदा आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला जातो. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो, तसा धीर धरा, असं त्यात आहे. मात्र त्या दिवशीचं वाचन सातव्या वचनापासून सुरू होतं. चौथ्या वचनात काय आहे, ते घरी उघडून बघावं लागतं. ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि त्यांचा आक्रोश परमेश्वराच्या कानी गेला आहे, असं तिथे लिहिलंय. धीर धरायला सांगितलंय ते मजुरी बुडालेल्यांना, आणि तेही न्यायाधीश दाराशी उभा आहे या भरवशावर. मजुरी बुडवणाऱ्या धनवानांना याकोब धीर देत नाही. रडा, आकांत करा म्हणतो. हा आधीचा भाग गाळून नुसता धीर शिकवणं म्हणजे गरिबाचं तोंड बंद करणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि शेतकऱ्याचं वाट पाहणं खान्देशी माणसाला काय शिकवायचं! दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरून झालेली असते, म्हणून तर तो जमिनीतल्या ओलीची आणि थंडीची काळजी करतो. बी न टाकता वाट बघणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही.

आमच्याकडची पेरणी म्हणजे वनहक्काचे दावे. वनहक्क कायदा लोकसभेत 15 डिसेंबर 2006 ला आणि राज्यसभेत 18 डिसेंबरला मंजूर झाला, आगमनकाळातच. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासी कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, त्याच्या नावावर होऊ शकते. लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या नावावर. गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरतात. ज्या आजोबांना आयुष्यात कुणी काही विचारलं नाही, त्यांचं बोलणं सरकारी कागदावर उतरतं, तेव्हा मला मरियेचं स्तोत्र आठवतं: देवानं सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढलं आणि दीनांना वर उचललं. ते स्तोत्र एका खेड्यातल्या गरोदर मुलीच्या तोंडी आहे.

नाताळात ब्लँकेट वाटतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे, थंडी खरीच असते. बाप्तिस्मा करणारा योहानही दोन अंगरखेवाल्याला एक द्यायला सांगतो. पण तो तिथे थांबत नाही. जकातदारांना म्हणतो, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कुणाला धाक घालून पैसे उकळू नका. मुकादमाची वही उघडून बघणं हेही त्याच उपदेशात बसतं. गुजरातेत ऊसतोडीचा किमान दर टनाला 238 रुपयांवरून 476 झाला, त्यामागे मजुरांनी लावून धरलेली मागणी होती.

ही आशा फक्त ख्रिस्ती लोकांची आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. 1972 मध्ये शहाद्याला भिलांच्या गेलेल्या जमिनींसाठी आदिवासी नेते अंबरसिंग महाराज उभे राहिले, ते काही बायबल घेऊन नव्हे. आमच्या तरुणांनी त्यांचं नाव घ्यावं, असं मला फार वाटतं.

तेव्हा यंदा नाताळाला घरी या. जेवण झालं की आम्ही अंगणात दाव्यांचे कागद भरायला बसतो, आणि नीट मराठी लिहिणारी माणसं नेहमीच कमी पडतात. तुमचं अक्षर चांगलं आहे, येताना पेन घेऊन या.