चरखा थांबतो तेव्हा

तालीम संपून तीन तास झाले, पण बोटांतून तो चरखा जात नाही. ‘ग्रेटखेन आम श्पिनराडं’, म्हणजे ‘चरख्यावरची ग्रेटखेन’. १९ ऑक्टोबर १८१४ ला हे गाणं लिहिलं तेव्हा ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्ट १७ वर्षांचा होता. जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातली, फाउस्टच्या प्रेमात पडलेली ग्रेटखेन सूत कातत बसलीय, चित्त थाऱ्यावर नाही. तिचं मन गायिकेकडे, चरखा माझ्या पियानोकडे. उजव्या हातात चाकाची गरगर, डाव्या हातात पायाने दाबायच्या फळीचा ठेका.

मग तिला फाउस्टचं चुंबन आठवतं. आवाज वर चढतो आणि चाक थांबतं. तो विराम किती लांबवायचा हे स्वरलिपीत लिहिलेलं नसतं. पुढे चाक लगेच फिरत नाही. एक झटका, पुन्हा शांत. परत एक झटका, आणि मग कुठे गती येते.

आज ही जागा चार वेळा केली. तीनदा मी घाई केली. चौथ्यांदा कागदावरची नजर काढून गायिकेकडे पाहिलं. तो वरचा सूर सोडल्यावर तिच्या छातीत काही उरलंच नव्हतं. बरगड्या पुन्हा भरेपर्यंत थांबले, मग पहिला झटका दिला. तिने वळून पाहिलंही नाही, इतकं ते जमलं होतं!

इतकी वर्षं साथ करतेय. गाणं हाती घेतलं की आधी कविता मोठ्याने म्हणायची, मग पियानो उघडायचा, ही सवय. तरी श्वास दर वेळी नव्याने शिकावा लागतो.

झोपण्याआधी गायकांना पियानोची साथ करणारे जेराल्ड मूर ऐकले. २० फेब्रुवारी १९६७, लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल, त्यांची निरोपाची मैफल. श्वार्त्सकोप्फ, दे लोस आन्खेलेस आणि फिशर-डीस्काऊ, तिघं त्यांच्यासाठी गायला आलेले. शेवटी मूर एकटेच बसले आणि शूबर्टचं ‘आन दी मुझीक’ (‘संगीतास’) हे गाणं नुसत्या पियानोवर वाजवलं. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्याला साथ केली आणि एकट्याने वाजवायलाही गाणंच निवडलं. माझा गळा दाटून येतो तिथे.

उद्या शूबर्टचीच गीतमाला ‘विंटररायझं’, २४ गाणी, खर्जातला आवाज. काही गाणी खालच्या पट्टीत घ्यावी लागतील. तिथे डावा हात गढूळ वाजतो, पेडल जपून वापरायला हवं. शेवटच्या गाण्यात तर डाव्या हाताला अखेरपर्यंत तेच दोन सूर. त्यांच्यावर हा गायक श्वास कुठे घेतो, ते आधी ऐकायचंय.