मेक्सिको सिटीतील चार दिवस: इतिहास कोणत्या क्रमाने पाहावा

मेक्सिकोचा इतिहास काळाच्या क्रमाने पाहावा, हे मला उलट क्रमाने फिरल्यानंतर उमगले. तेओतिवाकान हे प्राचीन नगर मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवले होते, त्यामुळे तेथील सूर्य-पिरॅमिड अ‍ॅझ्टेकांनी बांधला, हा माझा गैरसमज तीन दिवस टिकला. प्रत्यक्षात अ‍ॅझ्टेक तेथे पोहोचले, तेव्हा ते नगर ओस पडून कित्येक शतके लोटली होती; आजचे नावही त्यांनीच दिलेले आहे. शहराच्या उत्तर बसस्थानकावरून तेथे जाण्यास साधारण तासभर लागतो. आवारात सावली फारशी नाही आणि प्रदेश सव्वादोन हजार मीटरांहून उंच असल्याने दम लवकर लागतो. म्हणून दरवाजे उघडताच आत शिरावे. पिरॅमिडवर चढू देण्याचे नियम बदलत असतात, ते आदल्या दिवशी पाहून घ्यावेत.

दुसरा दिवस सोकालो या मुख्य चौकाला द्यावा. स्पॅनिश सेनानी कोर्तेसने १५२१ मध्ये जिंकलेली अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान तळ्यातील बेटावर वसलेली होती. तळे आटवले गेले, पण त्याचा मऊ गाळ उरला आणि भूजलाच्या उपशामुळे शहर आजही खचत आहे. कॅथेड्रलच्या फरशीचा उतार पायांनाच जाणवतो. शेजारच्या तेम्प्लो मायोर या अ‍ॅझ्टेकांच्या मुख्य मंदिराच्या अवशेषांसाठी दोन तास तरी हवेत. फेब्रुवारी १९७८ मध्ये विजेच्या कामासाठी खोदताना कामगारांना येथे कोयोल्शाउकी देवीची सव्वातीन मीटर व्यासाची शिळा सापडली आणि मग वरच्या इमारती हटवून उत्खनन झाले. जुने मंदिर न पाडता त्याभोवती नवे बांधण्याची रीत असल्यामुळे कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे एकेका पिढीचे जिने येथे उघडे पडले आहेत. वस्तुसंग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात आणि रविवारी स्थानिकांना प्रवेश मोफत असल्याने गर्दी उसळते.

मेट्रोने त्लातेलोल्कोला अवश्य जावे. अ‍ॅझ्टेक अवशेष, स्पॅनिश चर्च आणि विसाव्या शतकातील इमारती यांच्या मधल्या या चौकातच २ ऑक्टोबर १९६८ रोजी आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. तेथील स्मारकाजवळ मी बराच वेळ बसून होतो.

मराठी प्रवाशाने चुकवू नये अशी एक जागा सोकालोपासून पायी काही मिनिटांवर आहे. शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रे आहेत. ओळखपत्र जवळ ठेवावे. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोचे हे चित्ररूप पाहत वरच्या मजल्यावर जावे आणि ‘आमची भाकरी’ या अर्थाच्या नावाचे चित्र शोधावे. त्यात मेजाच्या मध्यभागी पाव मोडणाऱ्या माणसासाठी रिव्हेराने चेहरा घेतला, तो वर्ध्याचे, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीतील क्रांतिकारक आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात मका-गव्हावर संशोधन करणारे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा.