अर्ज मराठीत, मग उत्तरही मराठीत

केंद्र सरकारच्या एका योजनेचा ऑनलाइन अर्ज मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा भाषांतर आधीच झालेलं होतं. मी फक्त तपासून द्यायचं होतं. पंधरा दिवस पुरतील असं सांगण्यात आलं. लागले सात महिने.

हातात पडली एक एक्सेल शीट. एका रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात यंत्रानं केलेलं मराठी. कुठला शब्द पडद्यावर कुठे येणार, याचा काही पत्ता नाही. ‘डेट ऑफ इश्यू’ म्हणजे दाखला दिल्याची तारीख. तिथे ‘समस्येची तारीख’ होतं. राज्य निवडायच्या जागी ‘स्थिती निवडा’. हे निदान चटकन डोळ्यांत खुपतं. हिंदीवरून आलेल्या ओळी जास्त फसव्या, कारण लिपी तीच आणि शब्दही ओळखीचे. ‘शिक्षा’ जशीच्या तशी राहिली होती. हिंदीत ते शिक्षण, मराठीत दंड. ‘कोणताही रकाना खाली सोडू नका’ ही सूचना तर मीसुद्धा पहिल्या वाचनात सोडून दिली होती. हिंदीतलं ‘खाली’ म्हणजे आपलं ‘रिकामं’, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तेव्हा मी शीट बाजूला ठेवली आणि प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट मागितला. त्यानंतरच खरी तपासणी सुरू झाली.

नावाच्या चौकटीनं सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला. नाव इंग्रजीत लिहिलं की शेजारी आपोआप देवनागरीत उमटायचं, आणि ते बदलता येत नव्हतं. काळे यांचं ‘काले’, पाटील यांचं ‘पाटिल’. इंग्रजी ‘एल’वरून ल घ्यायचा की ळ, हे यंत्राला कळणार कसं? पण कागदोपत्री नाव जुळलं नाही की अर्ज अडकतो, आणि हेलपाटे अर्जदाराच्या नशिबी. ती चौकट अर्जदाराला स्वतः दुरुस्त करता आली पाहिजे, एवढी एकच गोष्ट मान्य व्हायला तीन बैठका लागल्या. मोबाइलवरच्या संदेशांचंही तसंच. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आमचे संदेश अर्ध्यातच तुटत होते. ‘आपणांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात काढून टाकली, तेव्हा कुठे कामाची गोष्ट पहिल्या ७० अक्षरांत बसली.

मग आम्ही एका सेवा केंद्रात जाऊन बसलो. अर्ज भरायला आलेल्या माणसांच्या शेजारी खुर्ची टाकायची, काही समजावून सांगायचं नाही, नुसतं बघायचं. हे आधी करायला हवं होतं. मी मोठ्या निष्ठेनं लिहिलेलं ‘जतन करा’ बघून लोक थांबत होते आणि ‘सेव्ह’ कुठे आहे ते विचारत होते. मी बदललं. सेव्ह हा शब्द आता मराठी माणसाचाच आहे, आणि सरकारी पानावर त्याला जागा द्यायला मला जराही संकोच वाटला नाही.

एक आजी नातवाच्या नावानं अर्ज करायला आल्या होत्या. पडद्यावरचं ‘अर्जदार अज्ञान आहे काय?’ हे त्यांनी सावकाश, मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे वळल्या.

“ताई, माझा नातू अज्ञान कसा? वर्गात पहिला येतो तो.”

कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे वयानं लहान. सातबाऱ्यावरचं ‘अपाक’, अज्ञान पालनकर्ता, त्यातूनच आलेलं. शब्द चुकीचा नव्हता. पण त्या आजींच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते पाहून मी मान खाली घातली. घरी येऊन तिथे ‘अर्जदाराचं वय १८ वर्षांपेक्षा कमी आहे का?’ असं लिहिलं.

त्याच दिवशी आलेल्या एका बाईंची घरची भाषा भिली होती. मराठी ऐकून समजत होतं, वाचता येत नव्हतं. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीहून जास्त आहेत, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये नाही. त्यामुळे आमच्या भाषांच्या यादीतही ती नव्हती. मला तेवढंच करता आलं, की प्रत्येक प्रश्नाशेजारी मराठीतून वाचून दाखवणारं बटण आलं. ते पुरेसं नाही.

सगळं झाल्यावर मी एक अर्ज मुद्दाम चुकीचा भरून पाहिला. नामंजुरीचं पत्र आलं ते पूर्ण इंग्रजीत. मी विचारलं, तर उत्तर मिळालं की अर्ज मराठीत करायचं ठरलं होतं, पत्रव्यवहार नव्हे. त्या रात्री मी कायदा वाचत बसले. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कुणालाही आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे देशात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. उत्तर कोणत्या भाषेत यावं, याबद्दल ते कलम काही म्हणत नाही. हिंदीत आलेल्या पत्राला केंद्राच्या कार्यालयानं हिंदीतच उत्तर द्यावं, असं १९७६ चे राजभाषा नियम सांगतात. मराठी, कन्नड किंवा बंगालीसाठी त्या नियमांत असं बंधन नाही. म्हणजे हक्क दाखवून भांडण्यासारखं माझ्या हाती काही नव्हतं. पटवून देणं तेवढं उरलं होतं.

मी आजींची गोष्ट सांगितली. अर्ज भरताना माणसाला मदतीला कुणीतरी मिळतं, पण नकाराचं पत्र तो घरी एकटा वाचतो, आणि खरी गरज तिथेच आहे, हेही सांगितलं. पत्र कसं तयार होतं ते विचारल्यावर कळलं, की अधिकारी कारण लिहीत नाहीत, एका यादीतून निवडतात. यादीत चौदा कारणं होती. एवढीच! एका दुपारी मी ती मराठीत लिहून दिली, प्रत्येकाखाली ‘आता काय करायचं’ याची एक ओळ जोडून. ती मान्य झाली. अधिकाऱ्यांच्या शेऱ्याची चौकट मात्र अजून इंग्रजीतच आहे, आणि तिच्यासाठी माझी पत्रं चालू आहेत.

मागच्या महिन्यात पुन्हा त्या सेवा केंद्रात गेले होते. एक गृहस्थ मोबाइलवर आपलं पत्र वाचत उभे होते: ‘उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली आहे. नवा दाखला तहसील कार्यालयातून घेऊन याच अर्जाला जोडा. पुन्हा अर्ज करू नका.’ त्यांनी ते दोनदा वाचलं, फोन खिशात ठेवला, आणि कुणाला काही न विचारता तहसील कार्यालयाच्या वाटेला लागले.