दारूच्या गाण्याची चाल

"आजी, मिस म्हणाल्या, आमच्या राष्ट्रगीताची चाल मुळात दारूच्या गाण्याची आहे!"

व्हिडिओ कॉलवर न्यू जर्सीच्या भाचीने सांगितलं आणि आईचा चेहराच उतरला. "राष्ट्रगीताबद्दल असं बोलू नये गं बाळा," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. कारण पोरगी खरं बोलत होती.

अठराव्या शतकात लंडनमध्ये हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. मदिरा आणि प्रेमाची गाणी रचणाऱ्या अ‍ॅनाक्रिऑन या ग्रीक कवीचं नाव त्याला दिलेलं. मंडळाचं गाणं लिहिलं रॅल्फ टॉमलिन्सनने, चाल जॉन स्टॅफर्ड स्मिथची. ही चाल अमेरिकेत पोचली आणि लोक तिच्यावर चक्क देशभक्तीची गाणी रचायला लागले. १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या किल्ल्यावर ब्रिटिशांनी रात्रभर तोफा डागल्या. सकाळी झेंडा अजून फडकतोय हे फ्रान्सिस स्कॉट की या अमेरिकन वकिलाने पाहिलं आणि त्यावर कविता लिहिली. त्याची कविता छापली गेली तेव्हा वर चालीचं नावही होतं: तीच, अ‍ॅनाक्रिऑनची! १९३१ मध्ये तेच गाणं अमेरिकेचं अधिकृत राष्ट्रगीत झालं.

भाची ते गाताना वरच्या सुराला अडखळत होती. अडखळणारच. चाल चांगली दीड सप्तकाची आहे, भल्याभल्यांचा आवाज तिथे फाटतो.

मला यात जराही कमीपणा वाटत नाही. आपली भजनी मंडळं सिनेमातल्या चालींवर अभंग म्हणतातच की, आणि ऐकणाऱ्याचे डोळे खरोखर भरून येतात.

तुमच्या गावच्या भजनात आहे का अशी एखादी चाल, भलत्याच गाण्यावरून आलेली? नक्की लिहा.