सांगलीचा पर्यावरण हिशेब: घोटाळा भाजकात

आयुक्तांनी शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवायचा, असं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६७ अ सांगतं. सांगली-मिरज-कुपवाडचा असा हिशेब मांडताना कळलं की सूत्रं सोपी असतात, घोटाळा भाजकात होतो.

लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, पाच लाखांच्या थोडी वर. पाणी आणि कचरा मात्र आजचा. दरडोई आकडा मग उगाच फुगतो. आधी आजच्या लोकसंख्येचा अंदाज बांधायचा आणि सगळ्या तक्त्यांत तोच वापरायचा.

सांडपाण्याचा ढोबळ नियम असा: माणशी १३५ लिटर धरले तर पाच लाखांना रोज ६.७५ कोटी लिटर, त्याचं ८० टक्के म्हणजे ५.४ कोटी लिटर सांडपाणी. इथे पंपिंगचा, म्हणजे नदीतून उपसलेल्या पाण्याचा, आकडा घेऊ नये. गळतीचं पाणी गटारात येईलच असं नाही. उलट बोअरचं पाणी नोंदीत नसतं, पण गटारात हमखास येतं.

सगळ्यात जास्त वेळ खाते कृष्णा. शहराचं सांडपाणी आणणारा शेरीनाला जिथे नदीला मिळतो त्याच्या वर एक नमुना, पुरेसं मिसळल्यावर खाली दुसरा, आणि तिसरा हरिपूरला, पण संगमाच्या अलीकडे. पलीकडे घेतला तर वारणेचं पाणी मिसळून नदी कागदावर स्वच्छ होते! विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची, ऑक्सिजन आहे तसा बांधून ठेवायला काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालायचं. बीओडीच्या (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) बाटलीत यातलं काहीही नको. ती बर्फात, अंधारात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. चाचणी २७ अंशांवर ३ दिवस. आंघोळीच्या पाण्याला बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतो, ऑक्सिजन किमान ५ लागतो. नमुन्याच्या दिवशी कोयनेतून किती विसर्ग होता, तेही लिहून ठेवा. नाहीतर मे महिन्यातले दोन आकडेसुद्धा एकमेकांशी ताडता येत नाहीत.

कचऱ्यासाठी वजनकाट्याच्या पावत्या पुरतात, फक्त राडारोडा वेगळा काढा. पावसात भिजलेला कचरा जड भरतो, आणि ऑगस्ट २०१९ सारख्या महापुराचा महिना वार्षिक सरासरीत घालायचा नाही, स्वतंत्र दाखवायचा.

हवेत पीएम १० ची, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धूलिकणांची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. ती लावायला आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला किमान १०४ मोजण्या हव्यात. दिवाळीतल्या चार दिवसांवरून वर्षाची सरासरी काढलेले तक्तेही पाहिलेत.