थर्मोस्टॅटची तीन मिनिटं

अमळनेरात आमच्या माळ्यावरच्या खोलीला पत्रे आहेत. मे महिन्यात बिबडे (ज्वारीचे पापड) उन्हात टाकायची गरज नाही, खोलीतच वाळतात. म्हणून १२ इंची एक्झॉस्ट बसवला आणि सोबत थर्मोस्टॅट आणला. खोली तापली की पंखा सुरू, निवली की बंद. भोक, फ्रेम, पंखा हे सगळं एका सकाळीच उरकलं.

थर्मोस्टॅटला मागे आठ स्क्रू. १ आणि २ वर फेज-न्यूट्रल दिले, आकडे उजळले. ७ आणि ८ वर 'कूलिंग' लिहिलेलं, तिथे पंख्याच्या दोन्ही वायरी लावल्या. पंखा ढिम्म. दुकानदार फोनवर म्हणे, पंखाच खराब असेल. थेट सॉकेटला लावला तर गरगर फिरला!

शेजारचे वायरमन आबा आले, पाहून हसले. "भाऊ, हाऊ नुसता बटन शे!" म्हणजे ७-८ मधून करंट येतच नाही, आतला रिले फक्त ती दोन टोकं जोडतो-तोडतो. मग फेजचा एक तुकडा ७ ला, ८ वरून पंख्याला, आणि न्यूट्रल सरळ पंख्याला. अर्थिंगची हिरवी वायर मी सोडूनच दिली होती, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आबा गेले, आणि पंखा तरी फिरेना. कूलिंगचा दिवा नुसता लुकलुकतोय. मी बटण बंद, चालू, पुन्हा बंद, चालू. अर्धा तास हेच. घामाने शर्ट पाठीला चिकटला. वैतागून खाली चहाला गेलो, आणि कप हातात घेतला तोच वरून घरघर.

असे थर्मोस्टॅट मुळात फ्रिजसारख्या यंत्रांसाठी असतात. कॉम्प्रेसर बंद होताच लगेच सुरू झाला तर त्याला जड जातं, म्हणून ते तीन मिनिटं थांबवतात. मी बटण दाबलं की ती तीन मिनिटं पहिल्यापासून! थर्मोस्टॅटच्या 'एफ३' या सेटिंगमध्ये जाऊन ती एकावर आणली. शून्य काही होत नाही.

हो, आधी सांगायचं राहिलं: मेन बंद करून, टेस्टरने बघूनच वायरीला हात लावा.

थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर पत्र्याला चिकटवू नका, मी चिकटवला तर आकडा ५६. आता तो खोलीत मध्यावर लोंबतोय. आधी तापमान ३४ ठेवलेलं, तर पंखा रात्री अकरापर्यंत थांबेना. सध्या ३८ वर आहे.