सिगारेट सोडताना मी कामं वाटून दिली

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यातल्या प्रौढांपैकी ९.७ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते, देशात सर्वांत कमी. सगळ्या देशाचा आकडा तेव्हा २८.६ टक्के होता. गोवेकर म्हणून मला याचा अभिमान आहे. पण सिगारेट ओढणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर या आकड्यात एक अडचणही आहे. आसपासच्या दहांतल्या नऊ जणांना तलफ म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. ते कळकळीने सांगतात, "सोडून दे रे, मनावर घे." मनावर मी अनेकदा घेतलं होतं. मनावर घेतल्यावर पुढे काय करायचं, हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

मी फोंडा तालुक्यात राहतो. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतो आणि गावच्या देवळात भजनाला बसतो. पन्नाशी जवळ आली आहे. दिवसाला एक पाकीट संपायचं, रात्रपाळीला त्याहून जास्त. कारखान्याच्या आवारात ओढायला अर्थातच बंदी. गोव्याने सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणं यांवर बंदी घालणारा कायदा १९९७ सालीच केला. देशभरचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले, त्याच्या कितीतरी आधी. डॉ. शरद वैद्य यांच्यासारखा कर्करोगाचा शल्यविशारद त्यामागे ठामपणे उभा होता. त्या कायद्याचे उपकार मी मानतो; माझी मुलगी धूर नसलेल्या बसमधून शाळेत गेली. पण बंदी असल्यामुळे ओढणारे सगळे गेटबाहेरच्या गाड्यावर एकत्र येतात आणि तिथली मैत्री पक्की असते. कुणाची पाळी बदलली, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, हे सगळं मला त्या गाड्यावर कळायचं. सिगारेट सोडायची तर ही माणसंही सुटणार, ही भीती मला कोणाला समजावून सांगता येत नव्हती.

निर्णय झाला तो भजनामुळे. मी मुख्य गाणारा नाही, मागे झांज वाजवत साथ करतो. गजराची लय चढली की मधेच थांबून श्वास घ्यावा लागायला लागला. बुवा माझ्याहून बऱ्याच वर्षांनी मोठे, त्यांचा दम टिकायचा. फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात छाती दाखवली. अजून वेळ गेलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्याच खिशातलं पाकीट मागून घेऊन त्यावरचा नंबर दाखवला. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो आणि त्या चित्राखाली २०१८ पासून १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन, फोन मोफत.

मी मराठीत बोलायचं म्हणून सांगितलं. समुपदेशक बाई शांतपणे एकेक विचारत गेल्या. पहिली सिगारेट उठल्यावर किती वेळाने? मी म्हटलं, पोदेराचा, म्हणजे सकाळी पाव विकायला येणाऱ्याचा, भोंपू ऐकू यायच्या आधी. त्यावर त्यांनी समजावलं की, उठल्याउठल्या पहिल्या अर्ध्या तासात जो ओढतो त्याचं शरीर निकोटिनवर जास्त अवलंबून असतं, कारण रात्रभरात रक्तातलं निकोटिन उतरलेलं असतं. झुरका घेतल्यावर ते काही सेकंदांत मेंदूत पोचतं, म्हणून सवय इतकी घट्ट बसते. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपण दुबळ्या मनाचे आहोत असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

मग त्यांनी विचारलं, "मदतीला कोण आहे?" मी म्हटलं, सगळेच आहेत. त्या म्हणाल्या, "सगळे नको, नावं सांगा. आणि कोणी नेमकं काय करायचं तेही ठरवा. लोकांना मदत करायची असते, पण कशी ते कळत नाही. मग ते उपदेश करतात."

या एका वाक्याने माझं काम सोपं केलं. त्या रात्री वही घेऊन बसलो आणि कामं वाटली.

तारीख श्रावणातली धरली. श्रावणात आमच्या घरी मासळी बंद असते, भजन मंडळातले बरेच जण दारूही सोडतात. आजूबाजूला सगळेच काही ना काही सोडून बसलेले असताना आपण एकटे पडत नाही. हेल्पलाइनच्या मॅडमनाही ते पटलं. तारीख दोन आठवड्यांच्या आतली असावी, फार लांब ठेवली की उत्साह ओसरतो, एवढंच त्यांनी सांगितलं.

बायकोला मी विनंती केली की, पहिला महिनाभर "ओढली का?" हा प्रश्न विचारायचा नाही आणि शर्टाचा वास घ्यायचा नाही. तिला ते जड गेलं. "मग मी करू तरी काय?" म्हणाली. तिला दुसरं काम दिलं. जेवण झाल्यावरची सिगारेट माझ्यासाठी सगळ्यांत कठीण होती. तेव्हा पानावरून उठल्याबरोबर तिने चपला घालायच्या आणि माझ्याबरोबर देवळापर्यंत चालत यायचं. भांडी नंतर. पाऊस असला तर छत्री घेऊन. तिने ते एकही दिवस चुकवलं नाही, गुडघा दुखत असतानासुद्धा. त्या वाटेवर आम्ही जितकं बोललो तितकं कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

गाड्यावरच्या मामांकडे माझं खातं होतं. ते चुकतं केलं आणि सांगितलं, मला आता सुटी सिगारेट द्यायची नाही, पाकीटही नाही, मी कितीही मागितलं तरी. त्यांचं रोजचं गिऱ्हाईक जात होतं. तरी त्यांनी मला भाजीपावासाठी मागच्या बाजूचं बाकडं दिलं, जिथे धूर येत नाही. हा माणूस माझा कोणी नातेवाईक नाही, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

सगळ्यांत अवघड काम मी माझ्या पाळीतल्या सोबत्याला दिलं. तो सावंतवाडीचा, फोंड्यात खोली घेऊन राहतो. आम्ही दोघांनी मिळून किती पाकिटं संपवली असतील, देव जाणे. तो स्वतः सोडणार नव्हता आणि मीही त्याला तसं म्हटलं नाही. फक्त सांगितलं, "मी मागेन. तू द्यायची नाही."

डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगम लिहून दिलं होतं. ते दोन आणि चार मिलिग्रॅमचं येतं. माझी पहिली सिगारेट इतक्या लवकरची, म्हणून मला चारचं. ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळत राहायचं नसतं. सावकाश चावायचं, जिभेला तिखट झिणझिण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, गिळलं तर उपयोग नाही, उलट पोट बिघडतं. आणि चहा, कॉफी किंवा आंबट काही घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, कारण आंबटपणामुळे ते शोषलं जात नाही. आमच्याकडे जेवणाच्या शेवटी सोलकढी किंवा कोकमाचं सार असतंच. म्हणून ते पहिल्या घासांबरोबर संपवायचं आणि शेवट साध्या वरणभाताने करायचा, असा बदल आईने स्वतःहून केला.

पहिले तीन-चार दिवस वाईट होते. डोकं जड, चिडचिड, कशात लक्ष नाही. प्रत्येक तलफ काही मिनिटांत ओसरते, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पण ती मिनिटं लांब असतात. घोटभर पाणी, खोल श्वास, जागेवरून उठणं, कोणालातरी हाक मारणं, हेच केलं. दुसऱ्या कशाने जमलं असतं असं वाटत नाही.

मग पहिली रात्रपाळी आली. पहाटे तीनच्या सुमाराला यंत्रं आपली आपली चालत असतात आणि माणसाला काही काम नसतं. बाहेर पाऊस कोसळत होता. सोबती गेटबाहेर ओढून आला, त्याच्या अंगाला तो वास होता आणि मी मागितली. आधी हसत, मग गंभीरपणे, मग अगदी हात पुढे करून. तो काही बोलला नाही. गेटवर जाऊन पाकीट आणि काडेपेटी सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये ठेवून, भिजून परत आला. म्हणाला, "आता माझ्याजवळही नाही. बस इथे." सकाळी सहापर्यंत त्यानेही ओढली नाही. मी त्याला बोलू नये ते बोललो होतो, त्याने ते मनावर घेतलं नाही. वाचणाऱ्यांत कोणी सिगारेट ओढणारा असेल आणि त्याचा मित्र सोडत असेल, तर त्याने एवढंच करावं. मोठं काही लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात वेगळाच त्रास सुरू झाला. छाती धडधडायची, हात थरथरायचे, झोप लागायची नाही. हेल्पलाइनवरून त्यांचेच विचारपूस करणारे फोन येत असत, तेव्हा सांगितलं. पहिला प्रश्न आला, "चहा किती घेता?" सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर मोडत असतं. सिगारेट बंद झाली की तेवढाच चहा अंगात कितीतरी जास्त वेळ राहतो. मी तर तलफ मारायला चहा वाढवला होता. निम्म्यावर आणला, दुपारनंतरचा बंद केला, आणि दोन-तीन रात्रींत झोप परत आली. सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ही धडधड सिगारेट नसल्याची आहे असं समजून कितीजण परत ओढायला लागत असतील!

खोकलाही वाढला. गाणाऱ्या माणसाला याची फार धास्ती वाटते. बुवांना वाटलं, सोडल्याने उलटंच झालं. पण श्वासनलिकेतले धुराने लुळे पडलेले सूक्ष्म केस पुन्हा हलायला लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात, म्हणून काही आठवडे असं होतं. बुवांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुढे, पेटीच्या शेजारी बसवलं. "इथून उठून बाहेर जाता येणार नाही," म्हणाले. त्यांनी हे काम स्वतःच मागून घेतलं होतं.

चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत, खरी परीक्षा असते. घरोघर आरत्या आणि भजनं करत रात्र सरते आणि प्रत्येक घरी फराळानंतर काहीजण अंगणात जाऊन पेटवतात. वर्षानुवर्षं मी त्यांच्यात असायचो. मंडळातल्या पोरांनी आपापसांत ठरवून टाकलं की, यंदा अंगणात कोणी ओढायची नाही, ज्याला हवी त्याने रस्त्यावर जावं. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं. त्यांतल्या एकाने त्याच सुमाराला स्वतः कमी करायला सुरुवात केली.

मुलगी नर्सिंग शिकते. तिने मला २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांची माहिती कित्येक दशकं गोळा केली, तेव्हा दिसलं की माणसं एकमेकांशी जोडलेल्या गटांनी सिगारेट सोडतात. नवरा-बायकोतल्या एकाने सोडली तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते. मित्रांचा, लहान कचेरीतल्या सहकाऱ्यांचाही परिणाम होतो. मला यात आमचं चवथीचं अंगण दिसलं.

वास परत आला तो म्हार्दोळला. रस्त्याच्या कडेला जायांचे वळेसर, म्हणजे जाईच्या फुलांचे गजरे, विकायला बसतात, त्या वाटेने मी रोज कामाला जातो. एका सकाळी दुचाकीवरून जाताना तो वास इतका भरून आला की थांबलो आणि बायकोसाठी एक वळेसर घेतला. वजनही थोडं वाढलं. आईला त्याचा आनंदच झाला.

च्युइंगम डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीनेक महिन्यांत हळूहळू बंद केलं. तलफ आता क्वचित येते, जत्रेच्या रात्री नाटक रंगात आलं की येते. तेव्हा मी शेजारच्याला सांगतो, "आली बघ," आणि आम्ही दोघे थोडं चालून येतो.

शिगमा झाल्यावर सोबत्याने आपणहून विषय काढला. तारीख त्याने अजून ठरवलेली नाही, मीही घाई केली नाही. मी त्याला विचारलं, माझ्याकडे कुठलं काम देणार? थोडा विचार करून म्हणाला, "गाड्यावर नको, माझ्याबरोबर कँटीनमध्ये चहाला बस. आणि आधी घरी येऊन बायकोला सांग. मी सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही." येत्या रविवारी आम्ही दोघे सावंतवाडीला जाणार आहोत.